राधानगरीचे दरवाजे आणि पीएच.डी.चे दार

पीएच.डी. होऊन ही मुले काय दिवे लावणार आहेत, अशा अर्थाचा सवाल डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांच्या मुखातून बाहेर पडला आणि महाराष्ट्रातील संशोधक विद्यार्थ्यांत संताप उसळला. विषय होता ‘सारथी’ संस्थेच्या संशोधन-अधिछात्रवृत्तीचा. आणि ती अधिछात्रवृत्ती ज्यांच्या नावाने दिली जाते, ते छत्रपती शाहू महाराज होत. सवालातील उपहास अनाठायी होता, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु उपहास बाजूला सारल्यावर जो प्रश्न शिल्लक राहतो, तो लोकांच्या पैशावर पोसल्या जाणाऱ्या कोणत्याही विद्येला विचारलाच पाहिजे. ज्या विद्येचे यशापयश दगडामातीत आणि पाण्यात सर्वांच्या डोळ्यांदेखत उभे राहते, त्या स्थापत्य अभियांत्रिकीने तरी या प्रश्नाचे उत्तर देण्यास कचरू नये. उत्तर शोधावयाचे तर कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरीइतकी योग्य जागा दुसरी नाही.

राधानगरीत खरोखरच दिवे लागले. १९०२ साली युरोपचा प्रवास करून परतलेल्या शाहू महाराजांनी संस्थानात पाटबंधाऱ्यांचे धोरण आखले, भोगावतीच्या खोऱ्यात धरणाची जागा निवडली, कन्येच्या नावाने राधानगरी हे गाव वसविले आणि राणीसाहेबांच्या नावाने लक्ष्मी तलावाचे काम आरंभिले. १९२२ साली महाराज निवर्तले तेव्हा काम अपुरेच होते. ते पूर्णत्वास जाण्यास १९५० चे दशक उजाडावे लागले. आज सुमारे ८.३६ टीएमसी पाणी साठविणारे हे धरण शेतीला पाणी देते आणि त्याच्या पायथ्याशी वीजही निर्माण होते. दिवा लावणे म्हणजे काय, हे इतक्या अक्षरशः क्वचितच सांगता येते. पण या दिव्यासाठी एका पिढीने पाया घातला आणि दुसरीने भिंत पूर्ण केली, हेही विसरता कामा नये.

या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे हा कोल्हापूरकरांच्या अभिमानाचा विषय आहे. पाणी ठरलेल्या पातळीला पोहोचले की पाण्याच्या आणि भाराच्या तोलाने दरवाजा आपोआप उघडतो. पातळी उतरली की आपोआप मिटतो. विश्वेश्वरय्यांनी १९०३ च्या सुमारास खडकवासल्याच्या जलाशयावर जी योजना अमलात आणली, तिच्याशी या दरवाजांचे नाते सांगितले जाते. एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटते, हा आकडा पंचगंगेकाठच्या शाळकरी मुलासही पाठ असतो. कारण तो आकडा वाढत गेला की राजाराम बंधाऱ्यावरील पाणी ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी ओलांडते काय, याकडे शहराचे डोळे लागतात. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी ते पंचावन्न फुटांच्याही वर गेले. त्याच २०२१ च्या डिसेंबरात दुरुस्तीचे काम चालू असता धरणाचे एक सेवाद्वार उघडे राहून अडकले आणि ऐन हिवाळ्यात भोगावतीला लोंढा आला. ज्या धरणाचे दरवाजे मनुष्याचा हात न लागता उघडतात आणि मिटतात, तेथेच मनुष्याच्या देखरेखीतील दार मिटेना, ही घटना पुष्कळ काही सांगून जाते.

जुन्या दगडी धरणाचे आयुष्य किती आणि ते कसे मोजावे? तलावात किती गाळ साठला? पावसाळ्याचे चार महिने ओसरण्याऐवजी चार दिवसांत कोसळणारा पाऊस गृहीत धरून जलाशय कोणत्या तारखेस किती भरलेला असावा? पंचगंगेच्या पुरात राधानगरीच्या विसर्गाचा वाटा किती, कासारी-कुंभी-तुळशीचा किती, नदीपात्रातील भरावांचा किती, आणि सीमेपलीकडील अलमट्टीच्या फुगवट्याचा किती? दर पावसाळ्यात या प्रश्नांवर सभा गाजतात, मोर्चे निघतात, दोन राज्यांत पत्रव्यवहार होतो. समित्याही नेमल्या जातात. २०१९ च्या पुरानंतर वडनेरे समितीने अहवाल दिला. परंतु समिती काही महिने बसते आणि उठते. एकाच नदीचा, एकाच भिंतीचा चार-पाच वर्षे पिच्छा पुरविणारा, मोजणारा, आपले चुकलेले गणित पुन्हा मांडणारा मनुष्य समितीतून निर्माण होत नाही. तो निर्माण करण्याची रीत जगाने एकच शोधली आहे, तिला पीएच.डी. म्हणतात.

मग ही रीत आपल्याकडे कशी चालते? विद्यापीठ अनुदान आयोगाचे नोव्हेंबर २०२२ चे नियम ही देशभराची किमान चौकट आहे. पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण असलेला, अथवा चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी प्रवेशास पात्र ठरतो. राखीव प्रवर्ग, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांस पाच टक्क्यांची सवलत आहे. प्रवेश परीक्षेस ७० आणि मुलाखतीस ३० असे माप आहे. प्रवेशानंतर किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम किमान ५५ टक्क्यांनी पुरा करावा लागतो. आठवड्यास चार ते सहा तास शिकविण्याचे वा प्रयोगशाळेतील कामही संशोधकास देता येते. ज्याने कधी वर्गावर तास घेतला आहे तो या तरतुदीचे स्वागतच करील, कारण दुसऱ्यास समजावून सांगता येईपर्यंत आपणास काय समजले नाही हे कळत नाही. किमान मुदत तीन वर्षांची, कमाल सहा. पुनर्नोंदणीने आणखी दोन. स्त्रिया आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांस त्याहून दोन वर्षे अधिक. सारांश, चौकट मोडकी नाही. प्रश्न आहे तो या चौकटीतून आत कोण येते आणि बाहेर काय पडते, हा.

आत येणाऱ्यांकडे प्रथम पाहू. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी घेतलेल्या विद्यार्थ्यास आता एम.ई. न करताही हे दार उघडे आहे. बुद्धिमान तरुणाची दोन वर्षे वाचत असतील तर त्यास आमचा विरोध नाही. पण शेजारीच दुसरे चित्र पाहा. पाटबंधारे खात्यात वीस वर्षे काढलेला, दरवाजांचे तेलपाणी, भिंतीतील पाझर आणि कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे घालण्या-काढण्याचे गणित ज्याच्या हाडीमांसी खिळले आहे असा अभियंता, पदवी परीक्षेत ६२ टक्के मिळवून प्रथम वर्गात आलेला असला तरी, एम.ई.वाचून अपात्रच. ज्याने धरण चित्रात पाहिले तो आत आणि ज्याने ते भर पावसात रात्र रात्र जागून सांभाळले तो बाहेर, हा न्याय पुस्तकी आहे. अनुभवाच्या नावाखाली ज्ञानाची कसोटी सैल करा, असे आम्ही म्हणत नाही. अनुभवी मनुष्यास त्या कसोटीपर्यंत पोहोचण्याची वाट ठेवा, एवढेच आमचे म्हणणे आहे. सेवेत राहून अर्धवेळ पीएच.डी. करण्यास २०२२ च्या नियमांनी मुभा दिली आहे. फक्त नियुक्त करणाऱ्या संस्थेने ना-हरकत दाखला द्यावा आणि अभ्यासक्रमासाठी आवश्यक तर रजा द्यावी, अशी अट आहे. हा दाखला कृपा म्हणून न देता धोरण म्हणून देणे सरकारच्या हाती आहे. सेवेतील अभियंत्यांसाठी अर्धवेळ एम.ई.चे वर्ग चालविणे विद्यापीठांच्या हाती आहे. आणि पदवीनंतरच्या प्रत्यक्ष कामाचे काही मोल पात्रतेत धरावे की नाही, याचा विचार आयोगाने करावयास हवा.

प्रवेश परीक्षेविषयीही एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. २०२४ पासून ‘नेट’ परीक्षेचे गुण देशभर पीएच.डी. प्रवेशासाठी ग्राह्य धरण्याचे आयोगाने ठरविले. विद्यार्थ्याने दहा विद्यापीठांच्या दहा परीक्षा देत हिंडू नये, हा हेतू स्तुत्य होय. परंतु त्या ‘नेट’च्या विषयांत स्थापत्य अभियांत्रिकीच नाही! या विद्येच्या विद्यार्थ्यास ‘गेट’ची वा विद्यापीठाच्या स्वतंत्र परीक्षेची वाट धरावी लागते. ‘गेट’ ही चांगली चाळणी आहे. गणित पक्के आहे की नाही ते ती सांगते. पण कोणते गणित मांडावयाचे हे ज्याला सुचते तो संशोधक, आणि ती सूचकता तीन तासांच्या परीक्षेत दिसत नाही. म्हणून मुलाखतीचे ३० गुण हा उपचार समजू नये. उमेदवाराने कोणता प्रश्न आणला आहे, तो त्याला कोठे भेटला आणि तो सोडविण्यास लागणारी मापे कोठून मिळतील, हे तीन प्रश्न विचारले तरी खरे-खोटे निवडले जाईल.

आता बाहेर काय पडते ते पाहू. २०१६ च्या नियमांनुसार प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे आणि दोन परिषदांत निबंध वाचणे सक्तीचे होते. हेतू चांगला, फळ कडू! पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार या सक्तीवर पोसला गेला. २०२२ साली ही सक्ती उठली, हे योग्यच झाले. पण सक्ती उठणे म्हणजे कसोटी उठणे नव्हे. आता सारा भार प्रबंधावर आणि परीक्षकांवर आला आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांत सहयोगी प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. आवश्यक ठरल्यापासून जिज्ञासेपोटी येणाऱ्यांच्या रांगेत बढतीपोटी येणारेही उभे आहेत. बढतीची इच्छा हा काही गुन्हा नव्हे. परंतु जेथे पदवी ही पायरी होते, तेथे पायरी जितकी ठेंगणी तितकी सोयीची, असे वाटू लागते. विद्यापीठाचे काम या मोहास आवर घालण्याचे आहे.

त्यासाठी नियमांत साधने आहेत. प्राध्यापकाने एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाने सहा आणि सहायक प्राध्यापकाने चार यांहून अधिक विद्यार्थी घेऊ नयेत. प्रबंध किमान दोन बहिस्थ परीक्षकांकडे जावा, शक्य तर त्यांतील एक परदेशीय असावा. मौखिक परीक्षा व्हावी. प्रबंधाची प्रत राष्ट्रीय भांडारात ठेवली जावी. ही साधने हातात धरणारा हात खंबीर हवा. परीक्षक ‘आपल्यातलेच’ निवडावयाचे आणि मौखिक परीक्षेच्या दिवशी प्रश्नांपेक्षा हारतुरेच अधिक, ही प्रथा जेथे असेल तेथे नियमांच्या शंभर कलमांनीही प्रबंध जड होणार नाही. पुराविषयीचा प्रबंध असेल तर मौखिक परीक्षेस पाटबंधारे खात्याचे अभियंते आणि पूरग्रस्त गावांचे सरपंच श्रोते म्हणून का नसावेत? ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांच्यासमोर आपले गणित मांडण्याइतकी कठीण परीक्षा दुसरी नाही. प्रत्येक प्रबंधासोबत दहा-वीस पानांचा मराठी सारांश जोडावा, असेही आम्ही सुचवितो. ज्या नदीवर पदवी मिळवायची, तिच्या काठच्या लोकांना निष्कर्ष वाचता येऊ नये, हे ऋण बुडविण्यासारखेच आहे.

येथे कोणी विचारील की, विश्वेश्वरय्या कोठे पीएच.डी. होते? पुण्याच्या कॉलेजातून त्यांनी अभियंत्याची परीक्षा दिली, आणि संशोधनाच्या पदवीवाचून ते स्वयंचलित दरवाजे घडवून गेले. आक्षेप खरा आहे. पण तो पदवीच्या नव्हे, पदवीच्या अहंकाराच्या विरुद्ध आहे. नवे धरण बांधणे हे एक काम आणि जुने झालेले धरण बदललेल्या पावसात सुरक्षित ठेवणे हे दुसरे. पहिल्यास प्रतिभा लागते. दुसऱ्यास तिच्याबरोबरच वर्षानुवर्षांची चिकाटीची मोजणी लागते.

तशा मोजणीचे मोल महाराष्ट्राने एकदा पाहिले आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला भूकंप झाला. जलाशय भरल्याने इतका मोठा धक्का बसू शकतो काय, या प्रश्नाचे कोयना हे जगातील एक प्रमुख अभ्यासस्थान झाले. त्या धक्क्याने धरणाच्या भिंतीला गेलेले तडे आज देशोदेशींच्या संशोधकांना गणिताची पडताळणी करण्याचे ठरलेले उदाहरण म्हणून उपयोगी पडतात. कोयनेच्या तड्याचे गणित कॅलिफोर्नियात मांडले जाऊ शकते, तर राधानगरीच्या गाळाचे आणि पंचगंगेच्या पुराचे गणित कोल्हापुरात, सांगलीत, पुण्यात किंवा पवईत अधिक नेटाने मांडले जाण्यास अडचण कोणती?

अडचण बव्हंशी कागदांची आहे. विसर्गाच्या नोंदी, पर्जन्यमान, पाझराची मापे, जुनी रेखाचित्रे ही सरकारी दप्तरात असतात आणि ती मागणारा विद्यार्थी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर हिंडत राहतो. सुरक्षिततेस बाध न येईल अशी सर्व माहिती नोंदणीकृत संशोधकास ठरावीक मुदतीत देण्याचा नियम सरकारने करावा. १९१६ साली स्थापन झालेली खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आणि १९५९ पासूनची नाशिकची अभियांत्रिकी संशोधन संस्था यांच्याशी विद्यापीठांनी सहमार्गदर्शनाचे करार वाढवावेत. अधिछात्रवृत्ती देताना नुसती संख्या घटवून खर्च वाचविण्यापेक्षा, जिल्ह्याच्या नद्या, रस्ते, धरणे यांवरील विषयांना अग्रक्रम द्यावा आणि ती वेळेवर द्यावी; उपाशी संशोधकाकडून निष्कर्षाची घाई करणे हा शहाणपणा नव्हे.

राधानगरीचा दरवाजा वशिल्याने उघडत नाही की अडवून धरल्याने मिटत नाही. पाणी पातळीस आले की तो उघडतो आणि पातळी उतरली की मिटतो. पीएच.डी.च्या दारास आम्हाला एवढाच गुण हवा आहे. पात्रता पातळीस पोहोचलेल्या प्रत्येकास, मग तो सुवर्णपदक मिळविलेला विद्यार्थी असो वा धरणावरील शाखा अभियंता असो, ते आपोआप उघडावे आणि पातळी नसेल तेथे निर्दयपणे मिटावे. २०२१ च्या डिसेंबरात अडकलेल्या त्या दाराप्रमाणे ते सताड उघडे राहिले, तर साठविलेली विद्या वाहून जाईल. आणि गंजून बंदच राहिले, तर पुढच्या महापुरात पंचगंगेकाठची माणसे पुन्हा अंदाजाच्या भरवशावर रात्री काढतील.