क्रम आणि कल्लोळ

अनंत चतुर्दशीस श्रींना निरोप देण्याची सिद्धता होत असता महाराष्ट्राच्या गावोगावी एक शब्द आबालवृद्धांच्या तोंडी असतो, आणि तो म्हणजे ‘डीजे’. कोणी तो यावा म्हणून वर्गणी वाढवितो, कोणी तो येऊ नये म्हणून पोलीस ठाण्यात अर्ज देतो. ‘यंदा आमच्या मंडळाने डीजे लावला’ हे वाक्य आपण सर्रास ऐकतो. त्यातील ‘लावला’ या क्रियापदाशी आम्ही क्षणभर थबकतो. तोरण लावतात, दिवे लावतात. माणूस कोणी लावीत नाही. वस्तुतः ‘डीजे’ ही ‘डिस्क जॉकी’ या शब्दांची आद्याक्षरे होत. तबकड्या निवडणारा व त्या एकीमागून एक वाजविणारा मनुष्य, हा त्याचा मूळ अर्थ. आपल्याकडे मात्र ट्रकवर रचलेल्या स्पीकरांच्या भिंतीलाच डीजे म्हणतात. शब्दातून माणूस गळाला आणि भिंत उरली. प्रस्तुत लेख त्या गळालेल्या माणसाविषयी आहे.

साठी उलटलेल्या कीर्तनकाराने हा विषय हाती घ्यावा याचे वाचकांस आश्चर्य वाटेल. त्याचे कारण घरातच आहे. आमचा पुतण्या पुण्यास हा व्यवसाय करतो. दोन वर्षांमागे तो दिवाळीस आला असता आम्ही काहीशा उपरोधानेच विचारले, “काय रे, दुसऱ्यांनी केलेली गाणी तू वाजवायचीस, त्यात तुझे स्वतःचे ते काय?” तो म्हणाला, “काका, तुम्ही तरी कीर्तनात सगळी पदं स्वतःची कुठं म्हणता?” आम्ही निरुत्तर झालो. श्लोक एका कवीचा, साकी दुसऱ्याची, दिंडी तिसऱ्याची, आणि तरीही कीर्तन आमचेच असते, ते केवळ त्यांच्या निवडीमुळे व क्रमामुळे.

त्यानंतर दोन रात्री त्याने आम्हांला आपली विद्या समजावून दिली. एक गाणे श्रोत्यांपुढे चालू असता पुढले तो कानास लावलेल्या यंत्रात एकटाच ऐकत असतो. प्रत्येक गाण्याची लय तो मिनिटाला किती मात्रा या हिशेबाने मोजतो. ‘हाऊस’ या प्रकारात ती साधारणतः 120 ते 128 असते, गोव्याच्या किनाऱ्यावर वाढलेल्या ‘ट्रान्स’मध्ये 140 च्याही पुढे जाते. दोन गाण्यांची लय आधी जुळवून घ्यावयाची आणि मगच एकातून दुसऱ्यात शिरावयाचे. तेही वाटेल तेथे नव्हे. हे संगीत बहुशः चार मात्रांच्या खंडांत बांधलेले असते व असे आठ खंड मिळून 32 मात्रांचे एक वाक्य होते, म्हणजे आपल्या त्रितालाची दोन आवर्तने. मिनिटाला 124 मात्रांच्या लयीत हे वाक्य सुमारे साडेपंधरा सेकंदांत संपते. पुढले गाणे आत यावयाचे ते वाक्याच्या आरंभी, आपल्या भाषेत समेवर. ती चुकली तर नाचणाऱ्यास कारण कळत नाही, परंतु पाऊल अडखळते.

स्वरांचाही विचार असतो. त्यासाठी या मंडळींनी बारा घरांचे एक चक्र केले आहे. शेजारच्या घरातील दोन गाण्यांत षड्ज-पंचमाचे नाते असल्याने ती एकमेकांत विरघळतात, आणि एकाच घरातील दोन जातींचे स्वर सातही तेच, केवळ आधारस्वर निराळा. हे ऐकताच आम्हांस भरतमुनींचा संवादविचार आणि मूर्च्छनांचे प्रकरण आठवले. पुतण्याने भरताचे नाव ऐकले नव्हते. आम्हीही त्या चक्राचे नाव ऐकले नव्हते, तेव्हा त्याला दोष देणे बरे दिसले नसते!

या कलेचा मोठा विकास अमेरिकेतील न्यूयॉर्क नगरीत झाला. 1960 च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सिस ग्रासो हा तेथील ‘सँक्च्युअरी’ या नृत्यगृहात दोन तबकड्यांची लय जुळवून संगीत अखंड ठेवू लागला. हे नृत्यगृह पूर्वीच्या एका चर्चच्या इमारतीत होते, हा योगायोग सणाच्या पानावर नोंदविण्याजोगा आहे. 1970 च्या फेब्रुवारीत डेव्हिड मँकुसोने आपल्या राहत्या जागेत मेळे भरविण्यास आरंभ केला. पुढे ती जागा ‘लॉफ्ट’ या नावाने प्रसिद्धीस आली. तेथे मद्य विकले जात नसे. मँकुसो रात्रीचे तीन भाग कल्पीत असे: प्रथम शांती, मग सर्कशीसारखा जल्लोष, आणि अखेरीस नित्याच्या जगात पुन्हा प्रवेश. ही कल्पना त्याने तिबेटी बौद्धांच्या मृत्यूनंतरच्या अवस्थांवरील ग्रंथाच्या आधारे लिहिलेल्या एका इंग्रजी पुस्तकावरून घेतली होती. पुढे पुढे त्याने दोन गाणी एकमेकांत मिसळणेही सोडले. प्रत्येक तबकडी आरंभापासून अंतापर्यंत जशीच्या तशी वाजवू लागला. तंत्र टाकले तरी क्रम त्याने टाकला नाही.

ही त्रिविध रचना आम्हां नारदीय कीर्तनकारांस परकी वाटत नाही. नमन, मूळ पद व त्यावरील निरूपण हा आमचा पूर्वरंग. मग बुक्का, हार आणि नामाचा गजर, ज्यात श्रोता जरा सैल होऊन बसतो. त्यानंतर आख्यानाचा उत्तररंग, आणि शेवटी आरती, जिच्यानंतर मनुष्य चपला शोधीत घराकडे वळतो. आख्यानातही ओवी, साकी, दिंडी यांनी कथा संथ पुढे न्यावयाची आणि युद्धाचा प्रसंग आला म्हणजे कटाव म्हणावयाचा. एका कटावावर लगेच दुसरा कटाव म्हणणारा कीर्तनकार आम्ही पाहिलेला नाही. डीजेच्या व्यवसायातही हाच दंडक आहे. मुख्य वादकापूर्वी जो वाजवितो त्याने सर्वांच्या ओठांवरची गाणी वाजवावयाची नसतात; सभागृह केवळ ऊबदार करून द्यावयाचे असते. शिवाय मध्ये मध्ये मुद्दाम लय उतरवावी लागते. पुतण्या म्हणाला, “काका, लोक पाणी प्यायला गेले नाहीत, तर परत नाचायला येतील कसे?”

परंतु क्रम घरी ठरवावा की समोरचे श्रोते पाहून? येथे आम्हांस मीमांसाशास्त्राचा आधार घ्यावासा वाटतो. जैमिनींच्या सूत्रांचा पाचवा अध्याय यज्ञातील कर्मांच्या क्रमाविषयी आहे आणि क्रम ठरविण्याची श्रुती, अर्थ, पाठ, स्थान, मुख्य व प्रवृत्ती अशी सहा प्रमाणे मीमांसकांनी मानली आहेत. ग्रंथात अग्निहोत्राची आहुती आधी सांगितली आहे आणि पेज शिजविण्याचे मागाहून. आता पेज शिजल्यावाचून आहुती कशाची देणार? म्हणून पाठक्रमाहून अर्थक्रम बलवत्तर. घरून लिहून आणलेली गाण्यांची यादी हा पाठक्रम होय. समोरच्या पावलांचे प्रयोजन हा अर्थक्रम. जाणता डीजे दोनशे गाणी बरोबर नेतो आणि त्यांतली तीस-चाळीस वाजवितो, ती याच कारणासाठी.

हे शास्त्र आम्ही पढलो होतो. आचरिले मात्र नव्हते. तरुणपणी एका खेड्यात सीतास्वयंवराचे आख्यान योजून गेलो. त्याच दिवशी गावातील एक कर्ता मनुष्य निवर्तला होता. उत्सव मोडू नये म्हणून गावकऱ्यांनी कीर्तन होऊ दिले. आम्ही ठरविल्याप्रमाणे धनुर्भंगाचा कटाव मोठ्या आवेशाने म्हटला. बायका मुकाट्याने उठून गेल्या. उरलेले सभ्यपणाने बसले. तबलजीने परतीच्या एस.टी.त आमच्याशी शब्द काढला नाही.

आपल्या भूमीशी या कलेचा खरा संबंध गोव्यात जडला. अंजुण्याच्या किनाऱ्यावरील मेळ्यांत रात्रभर वाजविणारा ‘गोवा गिल’ हा जन्माने कॅलिफोर्नियाचा, परंतु जुना आखाड्याची दीक्षा घेतलेला साधू होता. 2023 साली तो वारला. चोवीस चोवीस तास वाजविण्याची त्याची ख्याती होती. तेथल्या उष्ण्यात तबकड्या वाकत, म्हणून ‘डॅट’ नावाच्या छोट्या फिती वापरात आल्या. त्यांवर लय कमीजास्त करून जुळविणे शक्य नसल्याने एका गाण्याच्या शांत शेवटातून दुसऱ्याच्या शांत आरंभात जावे लागे. रात्री गडद, जड संगीत आणि सूर्योदयाबरोबर प्रसन्न, हलके, असा तेथला संकेत. त्या मेळ्यांतील मादक द्रव्यांचे समर्थन आम्ही करणार नाही. परंतु प्रहराप्रमाणे संगीत बदलावे ही दृष्टी आपल्या रागपरंपरेला नवी नाही.

आता आपल्या मिरवणुकीकडे येऊ. गतवर्षी आमच्या ओसरीसमोरून जो ट्रक गेला त्यावर एकच गाणे आम्ही पाच वेळा ऐकले. ऐकले म्हणण्यापेक्षा ते छातीत सोसले. त्यास आरंभ नव्हता, उतार नव्हता, निरोपाची चाहूल तर मुळीच नव्हती. शेजारच्या नव्वदीच्या आजींना आतल्या खोलीत नेऊन निजविले, तरी भांडी फळीवर थरथरत होती. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल ही मर्यादा घातली आहे, आणि दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची शक्ती दसपट होते. रात्री दहानंतर बाहेर ध्वनिवर्धकास बंदी असून सणांसाठी वर्षातून मोजके पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्यास आहे. नियम योग्यच आहेत व ते पाळले गेलेच पाहिजेत. परंतु ज्याला क्रम रचता येत नाही तोच आवाज वाढवितो, असे आमचे निरीक्षण आहे, मग तो ट्रकवर असो वा व्यासपीठावर. आमच्याच व्यवसायातले काही बंधू हल्ली ध्वनिक्षेपकाशी जी झटापट करतात ती पाहता हे म्हणणे भाग आहे.

पुतण्याला विचारले, तू मिरवणुकीत का वाजवीत नाहीस? तो म्हणाला, एकदा वाजविले. तेव्हा मंडळाच्या कार्यकर्त्यांनी चौका-चौकात तेच एक गाणे मागितले व दर चौकास आवाज चढवावयास सांगितला. त्याला निवडण्यासारखे काही उरलेच नाही. यंदा आमच्या आळीच्या मंडळापुढे त्याने निराळी योजना मांडली आहे. दोनच स्पीकर, निघताना सनई आणि संबळ, बाजारपेठेत काय नाचावयाचे ते नाचा, आणि नदीचा उतार लागला की गाणी थांबवून नुसत्या टाळांवर घाटापर्यंत जावयाचे, म्हणजे आरती सर्वांस ऐकू येईल. अध्यक्षांना हे पटले आहे. तरुण मुलांची बैठक आज रात्री देवळात आहे आणि त्यांनी आम्हांसही बोलाविले आहे.