हौसेला मोल असतं!

कुत्र्यांचा तिटकारा असलेल्या कुणा म्हाताऱ्याने हा लेख लिहिला आहे, असा समज कृपया करून घेऊ नये. निवृत्त झाल्यापासून गेली सहा वर्षं मी आमच्या सबडिव्हिजनमधल्या नोकरदार घरांतली कुत्री दुपारी फिरवतो. कुणाच्या गराजचा कोड माझ्याकडे असतो, कुणाची किल्ली. त्यामुळे सकाळी आठ ते संध्याकाळी सहा या वेळात आपल्या घरांत काय चालतं, हे घरमालकांपेक्षा मला जास्त ठाऊक आहे. त्या जोरावर स्पष्टच सांगतो: नवरा-बायको दोघंही दिवसभर ऑफिसात असतील आणि दुपारची पक्की सोय नसेल, तर त्या घराने आठ आठवड्यांचं पिल्लू आणू नये. मुलं कितीही रडली तरी आणू नये.

आपण मंडळी हिशेबात पक्की, म्हणून आधी हिशेबच मांडतो. पिल्लाला लघवी किती वेळ धरता येते, याचा एक ढोबळ नियम आहे. जितके महिने वय, त्यात एक मिळवायचा, तितके तास. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला फार तर तीन तास. आपलं ऑफिस, ट्रॅफिक आणि येताना देशी ग्रोसरीत एक चक्कर धरून होतात दहा तास. कुत्रं जात्याच आपली झोपायची जागा घाण करत नाही आणि क्रेटची सगळी युक्ती या स्वभावावरच उभी आहे. रोज नाइलाजाने आपल्याच घाणीत बसावं लागलं, की तो स्वभाव मोडतो. मग पार्टीत आपण हसत हसत सांगतो, "आमचं पिल्लू जरा ढ आहे, शिकतच नाही!"

दिवसाचे दहा तास, आठवड्याचे पाच दिवस, शिवाय रात्रीचे रोजचे आठ. आठवड्याच्या १६८ तासांपैकी १०६ तास पिंजऱ्यात! क्रेट ही वाईट वस्तू नाही. दार उघडं असलेली ती गुहा पिल्लाला आवडते. पण गुहा आणि कोठडी यांत फरक आहे. स्वीडनमध्ये तर नियमच आहे, की कुत्र्याला दिवसा निदान दर सहा तासांनी बाहेर काढलं पाहिजे आणि पिल्लांना त्याहून अधिक वेळा. आपल्याला कायद्याने विचारणारं कुणी नाही, म्हणून विचारायचंच नाही का?

यावर ठरलेली उत्तरं येतात. पहिलं, "ते दिवसभर झोपतंच की." झोपतं, अठरा-वीस तासही झोपतं. पण तान्ह्या बाळासारखं तुकड्यातुकड्यांनी. मधे उठतं तेव्हा त्याला माणूस लागतो. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या संशोधकांनी मेन राज्यातल्या बार हार्बर इथे कुत्र्यांवर वर्षानुवर्षं काम केलं आणि १९६५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जगाशी ओळख करून घेतं, हे त्यांच्या कामातून पुढे आलं. या काळात छत्री, व्हॅक्यूम, पोस्टमन, लहान मुलं हे सगळं त्याला न घाबरता भेटलं पाहिजे. आपण ते आठव्या आठवड्यात आणतो आणि उरलेले मोलाचे सहा आठवडे लाँड्री रूममध्ये बंद ठेवतो. पुढे ते पाहुण्यांवर भुंकलं की दोष जातीचा!

"मग डे-केअरमध्ये ठेवू." जरूर ठेवा, पण लसी पूर्ण झाल्यावर. पार्व्होसारख्या जीवघेण्या रोगाविरुद्धच्या लसींची मालिका साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालते आणि तोवर अनेक डे-केअर पिल्लाला घेत नाहीत. म्हणजे सोय सुरू होते ती नेमकी गरज भागून गेल्यावर.

"मुलांना जबाबदारी कळते." खरं आहे, पण जबाबदारी मुलं बघून शिकतात. कुमॉन, भरतनाट्यम, सॉकर आणि मंडळाच्या नाटकाची तालीम यांत ज्या मुलाला जेवायला धड वेळ नाही, ते पहाटे पाच वाजता बर्फात पिल्लू घेऊन जाणार नाही. पाचवीतला मुलगा सात-आठ वर्षांत कॉलेजला जाईल. लॅब्रॅडॉर दहा-बारा वर्षं जगतो. उरलेली वर्षं कुणाची?

आणि ज्या उत्तराने माझा संताप होतो ते असं, "आई-बाबा सहा महिने येणारच आहेत, ते बघतील." अहो, ते नातवंडांना भेटायला येतात! पंचाहत्तरीच्या आईने गुडघे धरत निसरड्या ड्राइव्हवेवर ओढाळ पिल्लू सांभाळायचं? पडून खुब्याचं हाड मोडलं, तर व्हिजिटर इन्शुरन्समध्ये काय बसतं हे आपण सगळे जाणतो. शिवाय आजी मायेने बेदाण्याचा शिरा भरवणार किंवा कांद्या-लसणाच्या आमटीत पोळी कुस्करून घालणार. बेदाणे, कांदा, लसूण हे तिन्ही कुत्र्याला विषारी आहेत, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. पाहुणी म्हणून बोलावून तिला बिनपगारी राखणदार करणं, याला मी तरी आदरातिथ्य म्हणत नाही.

"गावाकडे कुत्री आपोआप वाढायची." वाढायची, कारण घराला दार असून नसल्यासारखं होतं आणि ओसरीवर कायम कुणीतरी बसलेलं असायचं. आपल्या चार बेडरूमच्या घरात ओसरी नाही आणि बसायला माणूसही नाही.

मग नोकरदारांनी कुत्रा पाळूच नये का? जरूर पाळावा, पण मोल मोजून. पहिले दोन-तीन आठवडे दोघांनी आळीपाळीने रजा घ्या. ऑफिसच्या वेळा पुढे-मागे करा. दुपारी येणाऱ्या माणसाचे पैसे बजेटमध्ये धरा आणि पिल्लू लहान असेपर्यंत त्याला दोनदा बोलवा. एकटं राहायलाही हळूहळू शिकवा. आज पाच मिनिटं, उद्या पंधरा. हे जमत नसेल, तर शेल्टरमधला तीन-चार वर्षांचा शहाणा कुत्रा आणा. किंवा आधी काही आठवडे फॉस्टर करून बघा. दुकानातल्या काचेमागच्या पिल्लाला भुलू नका. कॅलिफोर्नियाने २०१९ पासून आणि न्यूयॉर्कने डिसेंबर २०२४ पासून दुकानांतली तशी विक्री बंद केली, ती उगाच नाही.

मंडळालाही एक सूचना. विमानतळावर सोडायला, बाळंतिणीला डबा द्यायला आपण एकमेकांच्या हाकेला धावतो. तशीच निवृत्त आणि घरून काम करणाऱ्यांची एक यादी करा. ती इंडिया ट्रिपच्या वेळीही कामाला येईल. माझं नाव पहिलं घाला.

युधिष्ठिराने कुत्र्यावाचून स्वर्गात जायला नकार दिला, ही गोष्ट आपण मुलांना बालवर्गात अभिमानाने सांगतो. तुमच्याकडून स्वर्ग सोडण्याची अपेक्षा कुणीच करत नाही. दुपारचा एक तास सोडता येतो का तेवढं बघा, आणि येत नसेल तर पिल्लाला जिथे आहे तिथेच राहू द्या.