मूर्ती दगडाचीच असते काय?

वाचकहो, मूर्तिपूजेचा विषय निघाला की आपल्याकडे दोन ठराविक वकीलपत्रे दाखल होतात. एक पक्ष म्हणतो, ख्रिस्ती मनुष्य मूर्तिपूजा निषिद्ध मानतो, म्हणून तो या भूमीला परका. दुसरा पक्ष बोट दाखवून विचारतो, वांद्र्याच्या चर्चमध्ये मरियमेची मूर्ती आहे, मग ख्रिस्ती तरी मूर्तिपूजक नव्हेत काय? दोघांचीही दृष्टी दगड, लाकूड आणि धातू यांवर खिळलेली आहे. खरा वादमुद्दा दोघांपैकी एकही मांडीत नाही. तो मुद्दा असा : माणसाने स्वतः निर्माण केलेल्या गोष्टीपुढे दुसऱ्या माणसाचे मस्तक सक्तीने वाकविण्याचा अधिकार कोणास आहे काय?

आम्ही ईश्वर मानीत नाही, तेव्हा ख्रिस्ती धर्ममताची वकिली करण्याचे आम्हांस कारण नाही. परंतु कोणाचेही म्हणणे खोडण्यापूर्वी ते त्याच्याच कागदपत्रांवरून समजून घ्यावे, हा न्यायाचा पहिला धडा आहे.

ती कागदपत्रे काय सांगतात? दहा आज्ञांत कोरीव मूर्ती करू नये व तिला नमन करू नये, अशी आज्ञा आहे. मोशे पर्वतावर असता लोकांनी सोन्याचे वासरू केले. ते सोने त्यांच्याच बायकामुलांच्या कानांतील होते. आपल्याच दागिन्यांचा देव करून लोक त्याच्यापुढे नाचले! यशयाच्या ग्रंथातील सुतार एका लाकडाच्या अर्ध्या भागावर अन्न शिजवितो आणि उरलेल्या अर्ध्याचा देव करून त्याच्याकडे तारण मागतो. पौल तर याच्याही पुढे जातो. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात तो लोभालाच मूर्तिपूजा म्हणतो. येथे दगडाचा संबंधच संपला. स्वतः घडविलेल्या वस्तूला परमसत्तेच्या आसनावर बसवून तिच्या हाती आपली सदसद्विवेकबुद्धी सोपविणे, हा मूर्तिपूजेचा खरा अर्थ ठरला.

बाह्य प्रतिमांविषयी ख्रिस्ती मंडळीचे एकमत कधीच नव्हते. इ. स. 787 च्या निकीया येथील दुसऱ्या परिषदेने प्रतिमेचा आदर आणि ईश्वराची उपासना यांत भेद केला व आदरास मान्यता दिली. 1524 मध्ये झुरिक येथील सुधारकांनी चर्चमधून प्रतिमा काढून टाकल्या. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचा हा वाद त्यांनी आपसात मिटवावा. नागरिक या नात्याने आपला संबंध येतो तो राज्यसत्तेच्या मूर्तीशी.

ही मूर्ती फार जुनी आहे. इ. स. 250 मध्ये रोमन सम्राट डेसियस याच्या हुकुमाने प्रजाजनांना देवतांपुढे बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा लागला. असे कित्येक दाखले इजिप्तच्या वाळूत सापडले आहेत. निष्ठेचा दाखला मागण्याची राज्यकर्त्यांची हौस आजची नाही! विसाव्या शतकात जर्मनीत हिटलरच्या रूपाने तीच मूर्ती पुन्हा उभी राहिली. मे 1934 मध्ये बार्मेन येथे जमलेल्या प्रोटेस्टंट प्रतिनिधींनी जाहीर केले, की जीवनाचे कोणतेही क्षेत्र ख्रिस्ताखेरीज अन्य धन्याच्या मालकीचे आम्ही मानणार नाही. ‘यहोवाचे साक्षीदार’ या लहानशा पंथाच्या लोकांनी तर हिटलरला अभिवादन करण्याचे साफ नाकारले आणि छळछावण्यांत जांभळा त्रिकोण छातीवर वागविला.

लोकशाही देशही या रोगापासून मुक्त नव्हते. अमेरिकेत याच पंथाच्या मुलांनी ध्वजास अभिवादन करणे ही मूर्तिपूजा होय असे म्हणून नकार दिला. 1940 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बाजूने निकाल दिला. त्या पंथाच्या लोकांवर ठिकठिकाणी जमावांनी हल्ले केले. अवघ्या तीन वर्षांत, 14 जून 1943 रोजी, बार्नेट खटल्यात त्याच न्यायालयाने आपला निर्णय फिरविला. तेव्हा महायुद्ध ऐन भरात होते, हे ध्यानात घ्या.

आता आपल्या देशाकडे वळू. जुलै 1985 मध्ये केरळातील एका शाळेने याच पंथाच्या तीन भावंडांना काढून टाकले. त्यांचा अपराध कोणता? राष्ट्रगीत चालू असता ती आदराने उभी राहत, परंतु गात नसत. चौकशी समितीने मुले कायदा पाळणारी आहेत, त्यांनी अनादर केलेला नाही, असा अहवाल दिला होता, तरीही मुले घरी बसली. उच्च न्यायालयानेही दाद दिली नाही. अखेर 11 ऑगस्ट 1986 रोजी ‘बिजोए इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य’ या खटल्यात न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी व न्यायमूर्ती दत्त यांनी मुलांना शाळेत परत घेण्याचा हुकूम दिला. या निवाड्यातील तर्क प्रत्येक वाचकाने पाठ करावा. राष्ट्रगीत गाण्याची सक्ती करणारा कायदा अस्तित्वातच नाही. 1971 चा कायदा गाणाऱ्यास अडथळा करणाऱ्याला शिक्षा सांगतो, मूक राहणाऱ्याला नव्हे. शिक्षणखात्याचे परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे, आणि परिपत्रकाने कलम 19 चे भाषणस्वातंत्र्य व कलम 25 चे विवेकस्वातंत्र्य हिरावता येत नाही. एखादी श्रद्धा न्यायाधीशाच्या बुद्धीला पटते की नाही हा प्रश्न गैरलागू आहे. ती प्रामाणिकपणे बाळगलेली आहे काय, एवढेच पाहावयाचे.

तरीही 30 नोव्हेंबर 2016 रोजी त्याच न्यायालयाने चित्रपटगृहांत राष्ट्रगीत वाजविणे सक्तीचे केले. जानेवारी 2018 मध्ये ती सक्ती काढावी लागली. सक्तीचा मोह किती चिवट असतो, याचा हा पुरावा होय.

प्रतिपक्ष म्हणेल, “विवेकाच्या नावाखाली आज गीत नाकारतील, उद्या कायदाही नाकारतील. मग अस्पृश्यता पाळणाराही कलम 25 पुढे करील!” हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. परंतु उत्तर त्याच कलमात आहे. ते स्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांच्या अधीन ठेवलेले आहे. जो दुसऱ्यास विहिरीवरून हाकलतो, तो दुसऱ्याच्या हक्कावर पाय देतो, आणि कलम 17 त्याला गुन्हेगार ठरविते. जो हात जोडीत नाही व मुकाट्याने उभा राहतो, तो कोणाचे काय हिरावतो? एकाचा विवेक दुसऱ्याची मान दाबतो, दुसऱ्याचा विवेक फक्त स्वतःची मान ताठ ठेवतो. हा फरक ज्यास कळत नाही, त्याने राज्यघटनेचा काथ्याकूट करू नये.

ख्रिस्ती बांधवांनाही आमचा एक सवाल आहे. बाप्तिस्म्याच्या पाण्यातून कित्येकांनी जातीची मूर्ती कोरडीच बाहेर आणली. तमिळनाडूत काही ठिकाणी दफनभूमीतही दलित ख्रिस्त्यांची जागा वेगळी राखली गेली. पौलाने लोभाला मूर्तिपूजा म्हटले, तर मेलेल्या माणसालाही ओळीतून दूर सारणाऱ्या जातीला तो काय म्हणाला असता?

आणि आपण स्वतः? 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधानसभेत डॉ. आंबेडकरांनी बजावले, की धर्मातील भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेलही, परंतु राजकारणातील भक्ती अधःपाताकडे व शेवटी हुकूमशाहीकडे नेते. तो इशारा देताना त्यांनी कोणत्याही नेत्याला सूट दिली नव्हती, स्वतःलाही नाही. पुतळ्याला हार घालणाऱ्याने हे विसरता कामा नये.

वाचकहो, कसोटी सोपी आहे. जी गोष्ट प्रश्न विचारू देत नाही, नकार सहन करीत नाही आणि निष्ठेचा दाखला मागते, ती मूर्ती होय, मग ती सोन्याची असो, कापडाची असो वा हाडामांसाची. तिच्यापुढे वाकण्याचे नाकारणारा मनुष्य आपल्या धर्माचा नसेल, त्याची श्रद्धा आपणांस भाबडी वाटत असेल, तरीही त्याच्या बाजूने उभे राहणे आपले कर्तव्य आहे. केरळच्या त्या तीन मुलांचा हक्क जेथे बुडतो, तेथे देव नाकारणाऱ्या आपल्या मुलांचा हक्क कोण राखणार?