नाकात वजन आधी, रंग शेवटी



विषय बघून तुम्ही म्हणाल, सरांना आज काय झालं? उद्योगाच्या ब्लॉगवर बॉम्बर विमान कुठून आलं? पण शेवटपर्यंत वाचा. कर्जाच्या कागदावर सही करायच्या आधी वाचलं तर जास्तच बरं.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचं बी-२४ लिबरेटर नावाचं चार इंजिनांचं बॉम्बर होतं. अशी १८ हजारांहून जास्त विमानं बनली. आज त्याचं प्लास्टिकचं किट मिळतं. सुटे भाग घरी जोडायचे, रंगवायचे. खऱ्या विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ११० फूट, तर १/७२ स्केलच्या मॉडेलचे साधारण ४७ सेंटिमीटर. टेबलावर मावतं, पण मुरलेल्या छंदिष्टालाही घाम फोडतं.

कशामुळे? हे विमान तीन चाकांवर उभं राहतं. एक चाक नाकाखाली, दोन पंखांखाली. मॉडेल आतून पोकळ, त्यामुळे मागची बाजू जड पडते. नाकात पुरेसं वजन नसेल तर विमान शेपटीवर बसतं आणि नाक आकाशाकडे! म्हणून गळाला लावतात तसं शिसं नाकात आधीच बसवावं लागतं, आणि तेही धडाचे दोन अर्धे जोडण्यापूर्वी. कारण प्लास्टिकचं सिमेंट डिंकासारखं नुसतं चिकटवत नाही, दोन्ही कडा विरघळवून एक करतं. एकदा जोडलं की उघडायचं म्हणजे तोडायचं.

माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडचे बरेच छोटे धंदे मेहनत कमी पडली म्हणून बसत नाहीत. धड आधी चिकटवलं आणि वजन घालायचं राहून गेलं, म्हणून ते शेपटीवर बसतात.

आता आपल्याकडचंच घ्या. मूल, नागभीड किंवा आरमोरीकडच्या एखाद्या ताईला बांबूच्या वस्तूंचं युनिट टाकायचं आहे. बोर्ड, लोगो, उद्घाटनाचा फ्लेक्स हे सगळं आधी होतं. हा झाला रंग. वजन म्हणजे बांबूवरची प्रक्रिया. बांबूत स्टार्च असतो आणि त्यावर भुंगेरे जगतात. बोरॅक्स-बोरिक अॅसिडच्या द्रावणात मुरवून, नीट वाळवून घेतला नाही, तर काही महिन्यांनी गिऱ्हाइकाच्या घरात खुर्चीखाली पिवळट भुकटी पडायला लागते. तेव्हा पॉलिश मारून काय होणार? सांधे तर बंद झालेले. म्हणून मी म्हणतो, बोर्डाची ऑर्डर देण्याआधी चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात एक चक्कर मारा.

दुसरं वजन खेळत्या भांडवलाचं. पीएमईजीपीचं उदाहरण बघा. ग्रामीण भागातल्या महिलेचा १० लाखांचा प्रकल्प असेल तर स्वतःचे ५ टक्के, म्हणजे ५० हजार, आणि अनुदान ३५ टक्के, म्हणजे साडेतीन लाख. ऐकायला झकास! पण हे साडेतीन लाख हातात पडत नाहीत. ते बँकेत तुमच्या नावाने तीन वर्षं ठेव म्हणून अडकलेले असतात, आणि युनिट चालू असल्याची तपासणी झाल्यावर कर्जात वळते होतात. म्हणजे पहिल्या सहा महिन्यांचं वीजबिल, मजुरी आणि कच्चा माल या अनुदानातून भागणार नाही. तो पैसा कुठून येणार, हे शटर उघडण्याआधी वहीत लिहिलेलं हवं.

तिसरी गोष्ट, किटचा माहितीपत्रक चंद्रपूरसाठी लिहिलेला नसतो. त्यात लिहिलेलं असतं, स्प्रे मारा. आपल्या मे महिन्यात स्प्रेचा रंग विमानापर्यंत पोहोचेपर्यंत हवेतच वाळतो आणि अंगावर खरखरीत भुकटी बसते. म्हणून इथला माणूस पहाटे रंगवतो. पुण्याच्या यशस्वी उद्योजकाचा व्हिडिओ बघून त्याची पद्धत जशीच्या तशी उचलू नका. उचला जरूर, पण आपल्या उन्हात लावून बघा.

"सर, एवढा विचार करत बसलो तर धंदा सुरूच व्हायचा नाही." बरोबर आहे. पण मी विचार करत बसा म्हणत नाही. मॉडेलवाले सिमेंट लावण्याआधी भाग नुसते एकमेकांत बसवून बघतात. एका संध्याकाळचं काम. तुम्हीही पाच खुर्च्या करा, पाच अनोळखी लोकांना पूर्ण किमतीत विका, दोन महिन्यांनी त्यांना फोन करा.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. किटच्या डब्यात सगळे भाग येतात, आयुष्यात डबा कोण देतो? कोणीच नाही. पण याच लिबरेटरची गोष्ट ऐका. युद्ध संपल्यावर ही विमानं कानपूरला पडून होती. पुन्हा उडू नयेत म्हणून ब्रिटिशांनी त्यांची मोडतोड करून ठेवली होती. १९४८ पासून बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्या भंगारातून चाळीसहून अधिक विमानं पुन्हा उडती केली. वायुदलाने ती १९६८ पर्यंत वापरली. त्यातलं एक आज ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयात आहे. ज्यांनी मोडलं, त्यांच्याच घरी!

आणि आपल्याच गडचिरोलीतलं मेंढा-लेखा विसरू नका. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी गाव २०११ पर्यंत चिकाटीने उभं राहिलं. आधी हक्काचा कागद, मग परवाना, मग विक्री. वजन आधी.

आज रात्री एवढंच करा. वहीचं एक पान घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा, धंदा सुरू झाल्यावर जे बदलता येणार नाही ते: जागा, मशीन, कर्ज, भागीदार. उजवीकडे लिहा, केव्हाही बदलता येईल ते: नाव, रंग, बोर्ड, पॅकिंग. पुढचा महिनाभर फक्त डाव्या बाजूवर काम करा.

उजवी बाजू कुठे पळून जात नाही.