क्लोनिंगचा धडा आणि गप्प बसवलेली मुलगी

दहावीतल्या माझ्या भाचीने परवा विचारले, "मामू, क्लोनिंग म्हणजे शिर्क आहे का?" वर्गात सरांनी व्याख्या लिहून दिली, 'परीक्षेला येते' म्हणून खूण करायला लावली आणि धडा संपवला. मोहल्ल्यात कुणी सांगितले, हे अल्लाहच्या कामात ढवळाढवळ करणे आहे, वाचूच नको. सरांनी नीती गाळली, मोहल्ल्याने विज्ञान. पोरीचा प्रश्न तिथेच राहिला.

आमच्या भंडारा जिल्ह्यात हा विषय शिकवायला प्रयोगशाळाही लागत नाही. उसाचे टिपरे लावले की मूळ उसाचीच प्रत उगवते. त्याला कुणी शिर्क म्हणत नाही. जनावरात काम अवघड आहे. शरीरातल्या पेशीचे केंद्रक घ्यायचे, केंद्रक काढलेल्या अंड्यात घालायचे, तयार झालेला गर्भ दुसऱ्या मादीच्या पोटात वाढवायचा. १९९६ साली स्कॉटलंडमध्ये डॉली मेंढी अशीच जन्मली. म्हणजे पेशी, अंडे, गर्भाशय, सगळे आधीच हवे. शून्यातून माणूस काहीच घडवत नाही. मग निर्मात्याशी बरोबरी कुठली?

भ्यायचेच असेल तर खऱ्या प्रश्नाला भ्या. एका डॉलीसाठी २७७ अंडी वापरली गेली. २००९ मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत म्हशीचे पहिले क्लोन रेडकू जन्मले आणि काही दिवसांतच दगावले. त्यानंतर गरिमा जन्मली. हाच खेळ माणसाच्या लेकरावर करायचा? त्या लेकराचा बाप कोण, आई कोण, नसब कुणाचा, वारसा कुणाचा?

१९९७ मध्ये डॉक्टर आणि फकीह यावर कासाब्लांकात एकत्र बसले. त्यानंतर आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने मानवी क्लोनिंगला मनाई केली. वनस्पती व प्राण्यांच्या बाबतीत शरीअतच्या मर्यादेत मुभा दिली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वेही क्लोनिंगने माणूस जन्माला घालू देत नाहीत. उलेमांनी आधी समजून घेतले, मग मत दिले. आपण मत आधी देतो आणि समजून कधीच घेत नाही.

'मुले लहान आहेत, गोंधळतील' हा बहाणा नको. प्रश्न विचारणारी मुलगी गोंधळलेली नसते. गोंधळलेले असतात उत्तर टाळणारे. सरांनी या धड्याला आणखी एक तास द्यावा आणि तो फक्त प्रश्नांसाठी ठेवावा. इमामसाहेबांनी एकदा जीवशास्त्राच्या शिक्षकांना चहाला बोलवावे. भाचीला मी म्हणालो, "बेटा, क्लोनिंग शिकणे शिर्क नाही. न शिकता फतवा देणे मात्र गुन्हा आहे."