गुडघेदुखी हे निदान नव्हे

दिंडोशीचा परिसर चढउतारांचा आहे. मृणाल गोरे आदींच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या येथील नागरी निवारा वसाहतीत तरुणपणी राहावयास आलेली पिढी आता साठी-सत्तरीत पोहोचली आहे. साहजिकच ‘गुडघे दुखतात, काहीतरी द्या’ ही मागणी औषधालयांत नित्याची झाली आहे. परंतु गुडघेदुखी हे लक्षण आहे, निदान नव्हे, याचा विसर वैद्यास व औषधविक्रेत्यास पडता कामा नये.

चरकाचार्यांनी संधिगत वाताचे वर्णन वातव्याधीत केले, वातरक्ताला स्वतंत्र अध्याय दिला. पुढे माधवकरांनी आमवाताची स्वतंत्र मांडणी केली. हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. संधिगत वातात स्नेहन व जानुबस्ती हितकर ठरतात. आमवातात सामावस्थेत तेच तेल पीडा वाढविते. तेथे लंघन, दीपन-पाचन व वालुकास्वेद हा क्रम आहे. वातरक्तातील लाल, उष्ण सांध्यावर ऊन तेलाची बस्ती करणे तर सर्वथा अनुचित होय. मग रुग्ण न पाहता तेलाची बाटली द्यावयाची ती कशाच्या आधारे?

आपल्या औषधांत सामर्थ्य नाही असे मुळीच नव्हे. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ४४० रुग्णांचा समावेश होता. २४ आठवड्यांअंती शुंठी-गुडूचीयुक्त कल्प वेदनाशमनात ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब यांच्या तोडीचे ठरले. मात्र त्याच चाचणीत काही रुग्णांची एसजीपीटी पातळी वाढल्याचेही नोंदविले गेले. यशाचा उल्लेख करताना ही दुसरी नोंद झाकून ठेवणे शास्त्रनिष्ठेला शोभणारे नाही. तसेच वेदना शमली म्हणजे झिजलेली कूर्चा पुन्हा भरून आली, असे आश्वासनही कोणी देऊ नये.

वत्सनाभ, भल्लातक, विषतिंदुक ही द्रव्ये अनुसूची ई(१) मध्ये आहेत. त्यांच्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापलेली असते. ती विक्रेत्याने स्वतः वाचावी. लेबल नसलेली ‘सांधेदुखीची पुडी’ तर दुकानात ठेवूच नये. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत. रुग्णाला दोन दिवसांत उतार पडतो. पुढे मधुमेह बळावतो, हाडे ठिसूळ होतात आणि दोष मात्र आयुर्वेदाच्या माथी येतो.

‘आम्ही दिले नाही तर गिऱ्हाईक शेजारी जाईल,’ हा विक्रेत्यांचा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच हा नियम एकट्यादुकट्याने नव्हे, तर परिसरातील वैद्य व विक्रेत्यांनी मिळून पाळावा. औषध देण्यापूर्वी चारच प्रश्न विचारावेत: सांधा सुजून लाल वा उष्ण झाला आहे काय? ताप आहे काय? मार लागला होता काय? सकाळी जखडलेले सांधे मोकळे होण्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो काय? यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी आल्यास औषध न देता रुग्णास वैद्याकडे पाठवावे. ताप व तप्त सूज एकत्र असल्यास वैद्यानेही विलंब न करता त्यास रुग्णालयात धाडावे.

एक बाटली कमी खपेल; परंतु त्या रुग्णाचा विश्वास टिकेल, आणि आपला व्यवसाय त्याच विश्वासावर उभा आहे.