इंग्रजी 'मोडल' क्रियापदे आणि घडून गेलेला काळ

'कॅन'चा भूतकाळ 'कुड', 'शॅल'चा 'शुड', 'मे'चा 'माइट' ही जोड्यांची यादी आपण शाळेपासून पाठ करीत आलो आहोत. इतिहासाच्या दृष्टीने ती खोटी नाही. 'तो येईल असे म्हणाला' या अर्थी 'ही सेड ही वुड कम' अशी रचना होते, तेव्हा ती उपयोगीही पडते. मात्र भूतकाळ व्यक्त करण्याचा सर्वसाधारण नियम म्हणून ती मराठी भाषकाला चुकीच्या वाटेने नेते, असे माझे मत आहे.

'यू शुड गो' या वाक्यात भूतकाळाचा लवलेशही नाही. 'तू जावेस' एवढाच त्याचा अर्थ. 'तू जायला हवे होतेस' असे म्हणावयाचे झाल्यास 'यू शुड हॅव गॉन' अशी रचना करावी लागते. भूतकाळाचा भार येथे 'शुड' वाहत नाही. तो 'हॅव' आणि त्यापुढील धातुसाधित वाहते.

'मस्ट'चे उदाहरण अधिक बोलके आहे. हे रूप मुळात जुन्या इंग्रजीतील भूतकाळाचेच. कालांतराने ते वर्तमानार्थी रूढ झाले. परिणामी भूतकाळातील सक्तीसाठी 'हॅड टू' आणि भूतकाळाविषयीच्या अनुमानासाठी 'मस्ट हॅव' अशी विभागणी झाली. 'तिला सही करावी लागली' आणि 'तिने सही केली असणार' या दोन विधानांतील अंतर केवळ व्याकरणाचे नाही. पहिले घडलेल्या गोष्टीची ग्वाही देते, दुसरे तर्क करते. साक्षीदाराच्या जबाबाचे भाषांतर करताना ही दोन रूपे एकमेकांच्या जागी पडली, तर तर्काला पुराव्याचे रूप येईल.

'कुड'बाबतही हीच दक्षता हवी. 'लहानपणी मला पोहता येत असे' येथे 'कुड' चालते. पण 'काल मला शेवटची गाडी गाठता आली' या एकवेळच्या यशासाठी 'वॉज एबल टू' हवे. तेथे 'कुड हॅव' योजल्यास अर्थ होतो 'गाठता आली असती', म्हणजे प्रत्यक्षात गाडी चुकली!

यादी नवशिक्यांना सोपी वाटते, हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. परंतु त्याहून सोपा आधार आपल्याच भाषेत उपलब्ध आहे. मोरो केशव दामले यांच्या 1911 च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' या ग्रंथाच्या परंपरेत आपण विध्यर्थ, संकेतार्थ हे क्रियापदाचे अर्थ शिकतोच. 'गेला असता', 'गेला असावा', 'जावे लागले' यांतील भेद मराठी विद्यार्थ्याला उपजतच कळतो. म्हणून रूप निवडण्यापूर्वी त्याने एवढेच विचारावे: क्रिया घडली, घडावयाची राहिली, की ती घडल्याचा केवळ तर्क आहे? याचे उत्तर आधी मराठीत निश्चित करावे आणि मगच इंग्रजी रूपाकडे वळावे. मराठीच्या अभ्यासकाला इंग्रजी व्याकरणाची भीती बाळगण्याचे कारण नाही. त्याची अर्धी तयारी मातृभाषेने आधीच करून दिलेली असते.